काविळीची लस: आधी रक्त तपासा, मग सुई

म्हापशात माझी खानावळ आहे. थोरल्या दादाला हिपॅटायटिस बी, म्हणजे विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार, आहे, हे रक्तदानाच्या वेळी कळलं. डॉक्टरांनी त्याला हिपॅटायटिस एची लस घ्यायला सांगितली, तर आई म्हणाली, "लहानपणी कावीळ होऊन गेलीय त्याला, आता कसली लस?"

इथेच गल्लत होते. कावीळ हे लक्षण आहे. ए, बी, ई हे विषाणू वेगळे, आणि एक होऊन गेला म्हणून दुसरा टळत नाही. बीची लस एवर चालत नाही. यकृत आधीच दुखावलेलं असेल तर ए जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी रक्त. लॅबमध्ये 'एचएव्ही आयजीजी' असं नाव घेऊन मागा, म्हणजे एविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात आहेत का ते कळतं. नुसतं काविळीची टेस्ट म्हटलं तर बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला पिवळा घटक, मोजून देतील. पॉझिटिव्ह आली तर ए येऊन गेली, लस नको. आपल्याकडे मोठ्या माणसांत अनेकांची तशीच येते. दादाची निगेटिव्ह आली. मग मीही तपासून घेतलं, कारण डोळे पिवळे होण्याच्या आधीच आठवडा-दोन आठवडे विषाणू शौचावाटे बाहेर पडत असतो, आणि माझे हात रोज लोकांच्या ताटापर्यंत पोचतात. माझीही निगेटिव्ह.

लस दोन तऱ्हेची मिळते. जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूच्या लशीचा एकच डोस. ती गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला देत नाहीत. मृत विषाणूचे दोन डोस, मध्ये किमान सहा महिने. आम्हाला दुसरी दिली. ही लस सरकारी लसीकरणाच्या यादीत नाही, तेव्हा फार्मसीत किंमत आधी विचारा. दंड दुखतो, क्वचित अंग कसकसतं.

पहिला डोस एप्रिलमध्ये घ्या. पावसात बांयीत, म्हणजे विहिरीत, सांडपाणी झिरपण्याआधी शरीराला तयारीला वेळ मिळतो, आणि दुसरा दिवाळीच्या सुमारास येतो. मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला तेवढा घ्यायचा.

घरात कुणाला ए झाली असेल तर थांबू नका. संपर्कानंतर दोन आठवड्यांच्या आत घेतलेली लसही आजार टाळू शकते.

आणि दूषित पाण्यातल्या तिसऱ्यांतूनही (शिंपल्यांतूनही) ए येऊ शकते, म्हणून त्या तोंड उघडल्या उघडल्या उतरवू नका. झाकण ठेवून आणखी चार-पाच मिनिटं खळखळू द्या. दादाच्या ताटात मी आता तशाच वाढते.