रस्त्याकडेचा आडोसा: मातीचा बांध घालताना

शेतघराला रस्त्यापासून आडोसा म्हणून ५ फूट उंच, ६० फूट लांब बांध घालायचा, तर माथा २ फूट आणि पाया २२ फूट धरा. उतार १ ला २, म्हणजे १ फूट उंचीला २ फूट आडवं. पाया आखडला की पहिल्याच पावसात कडा ढासळतात.

भरीव माती ३६ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागते. सुटी माती दबते, म्हणून ४५ ब्रास मागवा; ब्रासभराच्या ट्रॉलीने ४५ खेपा! बाहेरून मुरूम आणताना रॉयल्टीची पावती आणि वाहतूक परवाना आधी बघा.

आधी वरची ६ इंच सुपीक माती खरवडून बाजूला ठेवा. गाभ्यात मुरूम भरा. नुसती काळी माती नकोच, उन्हाळ्यात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. थर ९ इंचांचे, प्रत्येकावर पाणी मारून रोलर किंवा जेसीबीची चाकं फिरवा. मुठीत दाबलेला गोळा टिकला, पण हाताला चिखल लागला नाही, की ओल बरोबर. सगळा ढीग एकदम ओतून वरून दाबला तर आतला भाग पोकळ राहतो आणि पावसात खचतो.

चढाच्या बाजूला चर काढा, नाहीतर पाणी बांधाशी तुंबतं. शेवटी सुपीक माती पसरा आणि पाऊस लागताच उतारावर वाळ्याचे ठोंब ६ इंचांवर आडव्या ओळीत लावा.