मंडळाच्या कार्यक्रमात बार लावताय? इंग्लंडमधल्या नोटिशीच्या या चुका टाळा

इंग्लंडमधल्या मराठी मंडळात दिवाळीचं स्नेहभोजन ठरलं की हॉल, केटरर, ऑर्केस्ट्रा, मुलांचे नाच यांवर महिनाभर खल चालतो. बारचा विषय निघतो तो शेवटच्या मीटिंगमध्ये, सगळे कोट घालून उठल्यावर. "अरे हो, वाइन-बियरचं कोण बघतंय?" तोवर बहुतेक वेळा मुदत टळून गेलेली असते.

परवान्याशिवाय दारू विकणं हा लायसन्सिंग ॲक्ट २००३ प्रमाणे गुन्हा आहे. त्यासाठी दंड होतोच, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. एखाद्या संध्याकाळपुरता कायद्याने दिलेला सोपा रस्ता म्हणजे स्थानिक काउन्सिलला द्यायची टेम्पररी इव्हेंट नोटीस. फी २१ पाउंड आणि फॉर्म ऑनलाइन. (हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत, तिथल्या मित्राचा फॉर्म उचलून भरू नका.) फॉर्म भरताना कुणी अडकत नाही. घोळ होतो तो दिवस मोजताना, माणसं मोजताना, आणि "आपण कुठे विकतोय?" या समजुतीत.

"आम्ही विकत नाही, तिकिटातच धरलंय"

हा सगळ्यात लाडका गैरसमज. तिकिटात जेवण आणि एक ग्लास वाइन धरली असेल तर ती विक्रीच. कूपन विकून बारवर ग्लास दिला तरी विक्रीच. टेबलावर देणगीचा डबा ठेवला आणि त्यात पाच पाउंड टाकल्याशिवाय ग्लास मिळत नसेल, तर त्याला देणगी म्हणून चालत नाही. "फक्त सभासदांसाठी आहे" हेही कारण होत नाही. मंडळाची सभासद यादी म्हणजे क्लबचा परवाना नव्हे.

नोटीस लागत नाही ती दोन ठिकाणी. एक, ना तिकीट ना वर्गणी, यजमानाने खरोखर फुकट पाजली तर. दुसरं, प्रत्येकाने आपापली बाटली आणली तर. अर्थात हॉलवाल्याची त्याला हरकत नाही ना, हे आधी विचारायला हवं. रॅफलमध्ये सीलबंद बाटली बक्षीस ठेवायची असेल तर कायद्यात वेगळी सूट आहे, पण पैसा कुणाच्या खिशात जायला नको आणि तिकिटं कार्यक्रमातच विकलेली हवीत.

दिवस मोजण्यातला घोळ

नोटीस किमान दहा कामकाजाचे दिवस आधी काउन्सिलच्या हाती पडायला हवी. यात नोटीस मिळाल्याचा दिवस धरत नाहीत, कार्यक्रमाचाही धरत नाहीत. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे तर वगळायचेच.

संक्रांतीचं स्नेहसंमेलन शनिवारी १० जानेवारी २०२६ ला आहे असं धरा. घाईत मोजणारा म्हणेल, ३१ डिसेंबरला पाठवली की झालं. आता उलटं मोजू. ९, ८, ७, ६, ५ जानेवारी हे पाच दिवस. २ जानेवारी सहावा. १ तारीख सुट्टीची. ३१, ३० आणि २९ डिसेंबर धरून नऊ झाले. २५ आणि २६ सुट्टी, म्हणून दहावा दिवस २४ डिसेंबर. म्हणजे नोटीस पोचायला हवी २३ डिसेंबरला किंवा त्याआधी. गुढीपाडव्याचा कार्यक्रम ईस्टरनंतर लगेच ठेवणाऱ्यांचंही असंच होतं, गुड फ्रायडे आणि ईस्टर मंडे दोन दिवस खातात.

मुदत हुकली तर पाच ते नऊ कामकाजाचे दिवस आधी 'लेट' नोटीस देता येते. पण तिच्यावर पोलिसांनी किंवा काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाने (आवाज, प्रदूषण असले त्रास बघणारं खातं) हरकत घेतली तर सुनावणी नाही, बार थेट रद्द. वेळेवर दिलेल्या नोटिशीत निदान म्हणणं मांडायची संधी असते. माझं मत विचाराल तर लेट नोटिशीच्या भरवशावर बियरची ऑर्डर देऊ नये. पाचापेक्षा कमी दिवस उरले असतील तर तो नाद सोडा आणि पन्हं ठेवा.

नोटीस कुणाच्या नावाने, कुठल्या काउन्सिलला

नोटीस मंडळाच्या नावाने देता येत नाही. अठरा वर्षांवरच्या एका माणसाने स्वतःच्या नावाने द्यायची असते आणि जबाबदारीही त्याचीच. पर्सनल लायसन्स (दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना) नसलेल्या माणसाला वर्षात अशा पाचच नोटिसा देता येतात, त्यातल्या लेट दोनच. दर वेळी सेक्रेटरीच्याच गळ्यात घातलं की ३१ डिसेंबरच्या पार्टीला कोटा संपलेला असतो. कार्यकर्त्यांनी वाटून घ्यावं.

काउन्सिल हॉल ज्या हद्दीत आहे तिथली, तुम्ही राहता तिथली नव्हे. ऑनलाइन भरलीत तर पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थकडे प्रती काउन्सिलच पाठवते. कागदावर दिलीत तर त्या तुम्हालाच पाठवाव्या लागतात, आणि हे हमखास राहून जातं.

पार्कमध्ये कार्यक्रम असेल तर जागेची परवानगी वेगळी काढायची. पार्क त्याच काउन्सिलचा असला तरी एका खात्याचं दुसऱ्याला चालत नाही. हे सरकारी खाक्यात आपल्याला नवीन नाही.

४९९ म्हणजे सगळे मिळून ४९९

एका वेळी आवारात ४९९ माणसं, हीच मर्यादा. यात स्टेजवरचे, ढोल-ताशा पथक, वाढपी, बारवरचे कार्यकर्ते, कडेवरची पोरंसुद्धा आली. तिकिटं ४९९ विकून पथक वेगळं धरलं की नोटिशीचं संरक्षण गेलं. गर्दी त्याहून मोठी असेल तर प्रिमायसेस लायसन्स, म्हणजे त्या जागेचा पूर्ण परवाना, लागतं. त्याला २८ दिवस नुसती हरकतींची मुदत असते, म्हणून काही महिने आधी कामाला लागा.

"माझ्यासमोरच पितोय ना"

अठराच्या आतल्याला दारू विकायची नाही, आणि आईवडिलांनी बारवरून त्याच्यासाठी घ्यायचीही नाही. एक बारीक अपवाद आहे: सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, टेबलावर बसून जेवत असताना, सोबतच्या मोठ्या माणसाने घेऊन दिलेली बियर, वाइन किंवा सायडर. व्हिस्की नाही, आणि नाचता नाचता बियरही नाही. बारवर बसवायला असा माणूस निवडा की जो ओळखीच्या काकूंच्या मुलालाही ओळखपत्र मागेल. पंचविशीच्या आतला दिसला की मागायचंच, हा इथला रूढ नियम ठेवला की कुणाला वाईट वाटत नाही.

हरकत आली तर

पोलीस आणि एन्व्हायर्नमेंटल हेल्थ यांना हरकतीसाठी तीन कामकाजाचे दिवस असतात. तेवढ्यात काही आलं नाही तर वेगळ्या मंजुरीपत्राची वाट बघायची नसते. आलीच, तर घाबरून ईमेलवर वाद घालू नका. ज्याने हरकत घेतली त्याला फोन करा. बरेचदा मुद्दा आवाजाचा असतो. बार बाराऐवजी अकराला बंद करायची तयारी दाखवली, तर त्यांच्या संमतीने नोटीस बदलून हरकत मागे घेतली जाऊ शकते.

तिकीट लावलेल्या कार्यक्रमात रात्री अकरानंतर गरम जेवण किंवा चहा देणार असाल तर फॉर्मवर त्याचाही चौकोन भरा. आणि त्या दिवशी नोटिशीची प्रत हॉलमध्ये दिसेल अशी लावा, किंवा एकाच्या खिशात ठेवून ती त्याच्याकडे आहे असा कागद भिंतीवर लावा. पोलिसांनी मागितली आणि सेक्रेटरी त्याच वेळी केटररला आणायला गेलेला, असं होऊ देऊ नका.