घरच्या मशीनवर ब्लाउजला डोरी वर्क कसं करायचं

डोरी वर्क, म्हणजे कापडावर बारीक दोरी टाक्यांनी बसवून काढलेली नक्षी, म्हटलं की बऱ्याच जणींना वाटतं त्याला कॉम्प्युटरवाली एम्ब्रॉयडरी मशीन लागते, तसं काय नाही ओ. डोरी कापडात शिरतच नाही, ती वरच पडून राहते आणि टाका तिला दोन्ही बाजूनं धरतो, त्यामुळं घरात झिगझॅगची मशीन असली की बास. काळी पायाची साधी मशीन असणाऱ्यांसाठी पण खाली सांगते, तिचा प्रकार वेगळा आहे.

कापड खण असलं तर पाठभर डिझाईन काढायच्या नादाला लागू नका, खणाच्या बुट्ट्यात डोरी दिसतच नाही, गळ्याला आणि बाहीला दोन ओळी फिरवल्या तरी पुरे. भरगच्च पाहिजे असेल तर प्लेन कॉटन सिल्क घ्या. आणि ब्लाउज आधी कापायचा नाही हं! खडूनं पाठीचा आकार आखायचा, चारी बाजूनं दोन इंच कापड सोडायचं, डोरी लावून झाली की मगच कात्री लावायची, कारण टाक्यांनी कापड थोडं आकसतंच आणि मग माप चुकतंय.

डोरी आमच्या बेळगावात खडेबाजारात नाहीतर शहापुरात लेसवाल्यांकडं मीटरवर मिळते. सुरुवातीला 2 मिमीची मऊ गोल डोरी बरी, जरीची कडक डोरी बारीक वळणावर उभी राहते. कॉटनची असेल तर भिजवून वाळवून घ्या, नाहीतर धुतल्यावर ती आटते आणि कापडाला चुण्या पडतात. किती लागेल ते बघायला डिझाईनवर साधा दोरा फिरवून मोजा आणि त्यावर अर्धा मीटर जास्तच घ्या, परत गेल्यावर तोच रंग मिळेल असं नाही.

डिझाईन पिवळ्या कार्बननं सुलट्या बाजूला उतरवा, उलट्या बाजूला पेपर फ्युजिंग इस्त्री करून चिकटवा. फ्युजिंगचा कंटाळा करू नका, पातळ कापड त्याच्याशिवाय गोळा होतंय.

आता मशीन. 14 नंबरची सुई, वरती डोरीच्या रंगाचा दोरा किंवा पारदर्शक नायलॉनचा, बॉबिनला कापडाच्या रंगाचा. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं सैल. 2 मिमीच्या डोरीला झिगझॅगची रुंदी 3 च्या आसपास आणि टाक्याची लांबी 2 ते अडीच, म्हणजे सुई एकदा डोरीच्या डावीकडं आणि एकदा उजवीकडं कापडात पडली पाहिजे, डोरीत घुसता कामा नये. सॅटिन स्टिचचा फूट (सुईखाली कापड दाबून धरणारा पाय) लावा, त्याला खालून खाच असते, डोरी त्यातून आरामात सरकते. साधा फूट डोरीला दाबून बाजूला ढकलतो.

सुरुवातीला दोन इंच डोरी मोकळी सोडा आणि हळूहळू चालवा. डोरी ओढायची नाही म्हणजे नाही, बोटानं फक्त रेषेवर आणून ठेवायची. जी डोरी ताणून लावली ती मशीनवर एकदम सरळ दिसते आणि फूट उचलला की कापडासकट आखडते, बहुतेक जणींचं काम इथंच बिघडतं. वळण आलं की वळणाच्या बाहेरच्या बाजूला सुई खाली ठेवून थांबा, फूट उचला, कापड जरासं फिरवा, पुढं दोन-तीन टाके, परत तसंच. टोकदार कोपरे टाळा, वेली आणि कोयरी यात डोरी छान बसते.

शेवटाला पण दोन इंच सोडून कापा, जाड सुईत ओवून टोक उलट्या बाजूला घ्या आणि हातानं दोन टाके मारून बसवा. आपल्याकडच्या कसुती या हातभरतकामासारखी मागची बाजू पण सुंदर पाहिजे असा नियम इथं नाही, वरून अस्तर येणारच आहे. टोकं उसवू नयेत म्हणून पॉलिस्टरच्या डोरीला मेणबत्तीची जराशी धग दाखवा, कॉटनच्या डोरीला नको.

साध्या काळ्या मशीनला झिगझॅग नाही, तिच्यावर दोन गोष्टी जमतात. एक म्हणजे मधे खाच असलेली चपटी डोरी आणायची आणि त्या खाचेतूनच सरळ टीप मारायची, टीप लपून जाते. दुसरी मला जास्त आवडते ती बॉबिनची. डोरीऐवजी 8 नंबरचा पर्ल कॉटन दोरा (भरतकामाचा जाडसर पिळदार दोरा) हातानं बॉबिनवर गुंडाळायचा, बॉबिन केसचा स्क्रू सैल करायचा, डिझाईन उलट्या बाजूच्या फ्युजिंगवर काढायचं आणि कापड पालथं ठेवून शिवायचं. जाड दोरा खालून सुलट्या बाजूला उठून दिसतो. एक लक्षात ठेवा, डिझाईन आरशात दिसल्यासारखं उलटं येतं, त्यामुळं नाव-अक्षरं असतील तर आधी उलटी काढा. या कामाला बॉबिन केस वेगळीच ठेवा, रोजच्या केसचा स्क्रू फिरवत बसलात तर साध्या शिलाईला सेटिंग परत लागता लागत नाही.

इस्त्री नेहमी उलट्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घालून, वरून फिरवली की डोरी चपटी होते.