दहाची गोटी: शोरूमच्या वर्कशॉपमधलं माझं ॲप्रेंटिसशिपचं वर्ष

पहिल्या दिवशी हातात पाना येईल असं वाटलं होतं, आला पाण्याचा पाईप. २०२१ चा फेब्रुवारी, कोल्हापूरजवळ हायवेला लागून असलेलं एका डीलरचं मोठं वर्कशॉप, अंगावर घडी न मोडलेला युनिफॉर्म. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी सतरा गाड्या धुतल्या. संध्याकाळी घरी आईनं विचारलं, "काय शिकलास?" म्हटलं, "मडगार्डच्या आत चिखल कुठं साठतो ते." चेष्टेनं बोललो होतो, पण पुढं जुलैत महापुरातल्या गाड्या आल्या तेव्हा हीच माहिती कामाला आली.

आता आयटीआयची बरीच पोरं विचारतात, शोरूमला ॲप्रेंटिस लागू का, की सरळ गॅरेजला जाऊ. म्हणून माझ्या वर्षात काय काय झालं ते लिहितोय.

मी दहावीनंतर मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड केला. शेवटची परीक्षा कोरोनामुळं लांबली. आयटीआयत आम्ही कार्ब्युरेटर, म्हणजे जुन्या गाड्यांत हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलून परत जोडायला शिकलो, कापून ठेवलेल्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना बघितला. शोरूममध्ये आलो तर एप्रिल २०२० पासून विकलेली प्रत्येक नवी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची, कार्ब्युरेटर औषधालाही नाही. पण आयटीआय वाया गेला असं अजिबात नाही. इंजिनाचे चार स्ट्रोक, व्हर्नियर आणि फीलर गेज ही मोजायची हत्यारं, आट्यांची मापं या गोष्टी शोरूममध्ये कुणी बसून शिकवत नाही. त्या तुम्हाला येतातच असं धरून चालतात.

कामावर जायच्या आधी एक गोष्ट तपासा, यात माझा एक मित्र फसला. ॲप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार झालेला माणूस. तो करार सरकारच्या ॲप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला असतो आणि त्याला नंबर असतो. मित्राला दुसऱ्या एका ठिकाणी "ट्रेनी" म्हणून घेतलं, वर्षभर राबवलं, आणि शेवटी कळलं की पोर्टलवर त्याचं नावच नाही. करार नसेल तर वर्षाच्या शेवटी ट्रेड टेस्टला बसता येत नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही मिळत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात एचआरच्या माणसाकडं कराराची प्रत मागा. मागायला लाजू नका. २०१९ च्या नियमांप्रमाणं आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन होतं, मला त्याहून थोडं जास्त मिळालं. आकडे बदलत राहतात, भरतीच्या वेळी चालू दर बघून घ्या. एक लक्षात ठेवा, कायद्यानं तुम्ही शिकाऊ आहात, कामगार नाही. करारात तसं लिहिलेलं नसेल तर वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नसतं.

वर्कशॉपमध्ये माणसांची उतरंड असते. समोर सर्व्हिस ॲडव्हायझर, तो गिऱ्हाइकाशी बोलतो आणि जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या तक्रारीचा आणि कामाचा कागद, बनवतो. त्याच्यामागं फ्लोअर सुपरवायझर, मग टेक्निशियन, हेल्पर, आणि सगळ्यांच्या खाली आपण. मला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळं वर्कशॉप मामा म्हणायचं. वीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज केलेला माणूस. बोलायचे कमी, आणि बोलले की टोचायचं.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांची बोलणी खाल्ली. उद्यमनगरातून स्वतःच्या पैशानं दहा नंबरची गोटी, म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्यावर बसणारा सॉकेट, घेतली होती, ओळखू यावी म्हणून बहिणीचं लाल नेलपॉलिश लावलं होतं. या धंद्यात सगळ्यात जास्त हरवते ती दहाचीच गोटी. बॅटरीच्या टर्मिनलपासून एअर फिल्टरच्या डब्यापर्यंत जिथं तिथं दहाचे बोल्ट. माझी तिसऱ्या दिवशीच गेली. मी म्हटलं, "जाऊ दे मामा, नवी घेतो." मामा म्हणाले, "नवी घे रं. पण जुनी कुठल्या गाडीत हाय ते सांग की आधी." मला सांगता आलं नाही. तेव्हापासून बॉनेट पाडायच्या आधी ट्रेमधली हत्यारं मोजायची सवय लावून घेतली.

पहिले तीन महिने वॉशिंग, नव्या गाडीची डिलिव्हरीआधीची तपासणी आणि पहिली १,००० किलोमीटरची सर्व्हिस, एवढंच. कंटाळा येतो. बरोबरच्या दोघांनी याच काळात सोडलं. मी टिकलो तो एका वहीमुळं. जॉब कार्डावर गिऱ्हाइकाची तक्रार ॲडव्हायझरच्या भाषेत उतरते आणि तिथंच अर्धी हरवते. म्हणून मी वहीत तीन रकाने आखले: गिऱ्हाईक काय म्हणालं, कार्डावर काय लिहिलं, निघालं काय. पहिला रकाना भरायला गिऱ्हाइकाजवळ जाऊन उभं राहावं लागायचं. ॲडव्हायझर वैतागायचे, पण गाडी धुवायला न्यायच्या निमित्तानं मी कान देऊन ऐकायचो.

वहीतली एक नोंद सांगतो. पन्हाळ्याच्या बाजूचे एक काका म्हणाले, "सकाळी शेतातनं बाहेर काढली की चाक रडतंय. मोठ्या रस्त्याला लागली की गप." कार्डावर लिहिलं गेलं: ब्रेक नॉइज, पुढचे पॅड तपासणे. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होते. हेल्पर नवे पॅड आणायला निघालाही होता. मी वहीतलं वाक्य मामांना वाचून दाखवलं. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चाक हातानं फिरवलं, करकर आवाज आला. ब्रेक डिस्कच्या मागं धूळ अडवायला पातळ पत्रा असतो, तो आणि डिस्क यांच्यामध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकला होता. स्क्रू ड्रायव्हरनं पत्रा जरा वाकवला, खडा टपकन खाली पडला. तिसरा रकाना: खडा. बिल: शून्य. हजारोंचे पॅड वाचले म्हणून काका खूश, आणि विक्री गेली म्हणून सुपरवायझर नाराज. शोरूममध्ये हे दोन्ही चालतं, त्यामुळं दोन्हींची सवय करून घ्या.

लिफ्ट वापरताना घाई नको. लिफ्टचे चारी पॅड गाडीच्या ठरलेल्या जागांवर टेकवायचे, गाडी वीतभर उचलायची, थांबायचं, बंपरला धरून चांगली हलवून बघायची आणि मगच वर न्यायची. वर नेल्यावर लॉक पडल्याचा खट्ट आवाज कानानं ऐकल्याशिवाय खाली जायचं नाही. हातात कडं, अंगठी, घड्याळ काही नको. आमच्यातल्या एकाचं स्टीलचं कडं बॅटरीच्या प्लसला आणि बॉडीला एकाच वेळी टेकलं, क्षणात लाल झालं. मनगटाला अजून वळ आहे.

माझी मोठी चूक चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टवर झाली. ऑइल बदलताना चेंबरचा ड्रेन बोल्ट मी लांब पान्यानं, सगळी ताकद लावून आवळला. आयटीआयत दणकून आवळलेल्या बोल्टचं कौतुक व्हायचं. इथं चेंबर ॲल्युमिनियमचा होता. आधी घट्ट होत गेला, मग एकदम लोण्यासारखा मऊ फिरला. तो मऊपणा हाताला कळला की पोटात गोळा येतो, कारण आटे गेलेले असतात. त्या बोल्टला साधारण ३५ न्यूटन-मीटर पुरतात, छोट्या गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण ८५ ते ११० लागतात. हा फरक टॉर्क रेंचला, म्हणजे आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याला, कळतो, रागात असलेल्या मनगटाला कळत नाही. आणि बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा टाकायचा, कारण तो दाबला जाऊनच ऑइल अडवतो. मी लपवलं नाही, मामांना सांगितलं. नवा चेंबर बसला, मला दोन दिवस परत वॉशिंगला पाठवलं. लपवलं असतं तर ती गाडी घाटात ऑइल सांडत गेली असती.

गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणाऱ्या स्कॅनरचं सगळ्या पोरांना फार वेड असतं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावला की कोड येतो, कोड आला की पार्ट बदलायचा, असं मलाही वाटायचं. एका गाडीला पी ०१७१ आला, म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय. माझं बोट लगेच ऑक्सिजन सेन्सरकडं. मामांनी स्कॅनर बाजूला ठेवला आणि एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाईप चाचपला. आधीच्या सर्व्हिसला कुणीतरी क्लिप नीट लावली नव्हती, पाईप एका बाजूनं सुटला होता. हवा मोजणाऱ्या सेन्सरला चकवून हवा आत जात होती. सेन्सर खरं बोलत होता, आपण त्यालाच गुन्हेगार ठरवत होतो. कोडवरून कळतं ते लक्षण, रोग कुठं आहे ते नव्हे.

मग आला जुलै. पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली जाऊन बंद झाला. पाणी उतरल्यावर टोचन लावून गाड्यांची रांग लागली. जागा पुरेना म्हणून विक्रीच्या गाड्यांचं यार्ड रिकामं केलं. मी वर्षभरात जेवढं शिकलो त्यातलं निम्मं त्या दीड महिन्यातलं आहे.

बुडालेल्या गाडीचा नियम एकच, चावी फिरवायची नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टन त्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाच हजारांत निघणारं काम मग इंजिनावर जातं. आणि चावी फिरवून झालेलं हे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही, इंजिनासाठीचं वेगळं कव्हर घेतलेलं असावं लागतं. म्हणून आधी बॅटरी काढायची, पाणी कुठवर चढलं त्या चिखलाच्या रेषेचे फोटो काढायचे, विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत काही खोलायचं नाही. मग एअर फिल्टर बघायचा. तो कोरडा असेल तर आशा आहे. ओला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन हातानं फिरवायचं. एका गाडीचे प्लग काढून मी क्रँक फिरवला आणि प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची चिळकांडी थेट तोंडावर. चेंबर सोडला तर ऑइल नव्हे, दुधाचा चहा बाहेर आला. गाळ कुठं कुठं जातो, तर सीट बेल्टच्या गुंडाळीत, फ्यूज बॉक्सच्या तळाशी, कार्पेटखालच्या फोममध्ये, आणि अर्थातच मडगार्डच्या आत. सतरा गाड्या धुतलेल्या पोराला तो पत्ता पाठ होता.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल एवढंच सांगतो की ट्रेनिंग नसेल तर हात लावू नका. सीएनजीच्या टाकीत २०० बारचा दाब असतो, दर तीन वर्षांनी तिची चाचणी लागते. इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. पण पुढची भाकरी तिथंच आहे, म्हणून कंपनीच्या ट्रेनिंगला पाठवणार असतील तर सगळ्यात आधी हात वर करा.

गॅरेज की शोरूम? शोरूममध्ये शिस्त, टॉर्क, नवी गाडी, लेखी पद्धत मिळते, पण अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, बिघडला तर अख्खा बदलतात. आत काय गेलं ते बघायला मी रविवारी मामांच्या जुन्या गॅरेजात जायचो, तिथं त्यांचा भाऊ ब्रश आणि बेअरिंग बदलून तोच अल्टरनेटर चालू करायचा. मला विचाराल तर वर्ष शोरूमला काढा आणि रविवार गॅरेजला द्या. फक्त गॅरेजात गेलेल्या पोरांना कागद मिळत नाही, फक्त शोरूमात राहिलेल्यांना कान येत नाही.

ट्रेड टेस्टच्या तयारीला लागलो होतो तेव्हा, जानेवारी २०२२ मध्ये, एक पांढरी हॅचबॅक आली. गिऱ्हाईक म्हणालं, "खड्ड्यात गेली की खालनं कुणीतरी टाळ वाजवल्यासारखं होतंय." मधली सर्व्हिस त्यांनी चुकवली होती, गाडी वर्कशॉपला आली होती ती गेल्या फेब्रुवारीत. कार्डावर लिहिलं: सस्पेन्शन नॉइज. सस्पेन्शनचे लिंक रॉड बघितले, रबरी बुश बघितले, सगळं घट्ट. मग इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर सोडलं. ते तिरकं झालं आणि काहीतरी घरंगळत येऊन माझ्या बुटाला लागलं. गंज चढला होता, पण कडेला लाल रंगाचा ठिपका अजून होता. मामांनी बघितलं आणि काही न बोलता चहाला गेले.

वहीतला तिसरा रकाना: दहाची गोटी. माझी.