दहा रुपयांचा गांधी हाती लागला तर: दुर्मीळ तिकीट शोधावं आणि पारखावं कसं

आजोबांच्या कागदपत्रांच्या पेटीत किंवा रद्दीत निघालेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यात वेगळं वाटणारं तिकीट दिसलं, की पहिलं काम म्हणजे त्याला बोट न लावणं. बोटांवरचं तेल आणि घाम कागदात मुरतो, पाठीमागच्या डिंकावर ठसा उमटतो आणि तो परत काढता येत नाही. टोकाशी चपट्या असलेल्या स्टीलच्या चिमट्याने तिकीट उचला. केस उपटायचा टोकदार चिमटा नको, तो कागदात रुततो.

दुसरी गोष्ट: पाकिटावर चिकटलेलं तिकीट सोडवू नका. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून तिकीट काढणं ही साध्या तिकिटांची रीत. जुन्या तिकिटांचं मोल मात्र बरेचदा अख्ख्या पाकिटात असतं. शिक्का तिकिटावरून पाकिटावर गेलेला असतो, मागे पोचल्याचा शिक्का असतो, पत्त्यावरून प्रवास कळतो. खरेपणाचा हा सगळा पुरावा पाण्यात जातो. शिवाय त्या काळच्या काही शाया, विशेषतः हिरव्या आणि जांभळ्या, मुद्दाम पाण्यात विरघळतील अशाच बनवलेल्या होत्या. वापरलेलं तिकीट धुऊन कोणी पुन्हा वापरू नये, हा त्यामागचा हेतू.

शोधायचं कुठे आणि काय

वरच्या किमतीच्या तिकिटांवर आधी नजर टाका. याचं उत्तम उदाहरण म्हणजे १५ ऑगस्ट १९४८ ला निघालेला गांधी संच. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी त्यात चार तिकिटं आहेत. छपाई स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्ह्युर पद्धतीने झाली, आणि ‘बापू’ हा शब्द देवनागरी व उर्दू दोन्ही लिपींत आहे. १९४८ साली एका तिकिटासाठी दहा रुपये मोजणं सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून घरगुती अल्बममध्ये पहिली तीन तिकिटं दिसतात आणि चौथी जागा रिकामी असते. याच मागणीमुळे दहाच्या गांधीच्या नकलाही बाजारात फिरतात.

याच संचावर तेव्हाच्या गव्हर्नर जनरलांच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ अशी अक्षरं वरून छापली गेली (याला ओव्हरप्रिंट म्हणतात), प्रत्येक किमतीची फक्त शंभर तिकिटं. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये स्टॅन्ली गिबन्स या तिकीटविक्रेत्या कंपनीने पाच लाख पौंडांना विकली. ही बातमी झाल्यावर खऱ्या, साध्या दहाच्या गांधीवर खोटं ‘सर्व्हिस’ छापण्याचा मोह कोणाला होईल हे सांगायला नको.

साहित्य

दहापट भिंग, वीस ते तीसपट दाखवणारं छोटं खिशातलं सूक्ष्मदर्शक, परफोरेशन (कडेची छिद्रं) मोजायची पट्टी, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही (अतिनील) टॉर्च, काळी उथळ ताटली आणि वॉटरमार्क (कागदातच उमटवलेली खूण) पाहायचा द्रव. यूव्ही टॉर्च ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त मिळतो, पण त्याचा जांभळा उजेड इतका पडतो की कागदाची चमक कळत नाही. यांच्याइतकंच महत्त्वाचं आणखी एक साहित्य म्हणजे तुलनेचं तिकीट. दीड आण्याचा गांधी घ्या. तो सहज मिळतो, छापखाना तोच, पद्धत तीच आणि वर्षही तेच. दहाच्या गांधीची प्रत्येक तपासणी आधी या दीड आण्यावर करा. खरं कसं दिसतं हे डोळ्यांत बसलं की खोटं आपोआप खटकतं.

पहिली तपासणी: छपाई

बहुतेक नकला इथेच उघड्या पडतात, म्हणून या टप्प्याला घाई नको. तिकीट काळ्या कागदावर ठेवा, बाजूने तिरपा उजेड द्या आणि सूक्ष्मदर्शकातून आधी चेहऱ्याची सावली, मग बारीक अक्षरांची कड पाहा.

फोटोग्राव्ह्युरमध्ये शाई प्लेटवरच्या अतिबारीक खळग्यांत भरलेली असते. त्यामुळे सगळीकडे, अक्षरांतसुद्धा, एकसारख्या अंतराची ठिपक्यांची जाळी दिसते आणि अक्षरांची कड किंचित करवती असते. सावली गडद होते तिथे ठिपक्याचा आकार जवळपास तोच राहतो, शाईचा थर मात्र दाट होतो. गाल, कपाळ, मान अशी नजर फिरवली तर रंग मऊपणे उतरत जातो.

ऑफसेटवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या चाररंगी छपाईत, छापलेल्या नकलेत ठिपके लहान-मोठे होतात आणि निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चार रंगांचे ठिपके एकमेकांभोवती फुलासारखे बसलेले दिसतात. दहाचा गांधी फक्त दोन शायांत छापलेला आहे, तपकिरी-जांभळी आणि लाखी लाल. भिंगाखाली एकही पिवळा किंवा निळा ठिपका दिसला तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही. लेझर प्रिंटरच्या नकलेत टोनर कागदावर चकाकतो आणि मोकळ्या जागेतही त्याचे सुटे कण सांडलेले असतात. इंकजेटची शाई कागदाच्या तंतूंत पसरते, त्यामुळे कड विस्कटते.

जुन्या तिकिटांत आणखी दोन पद्धती भेटतात. टायपोग्राफीत, म्हणजे उठावाच्या ठशाने दाबून केलेल्या छपाईत, दाबामुळे शाई अक्षराच्या कडेला ढकलली जाऊन गडद रेघ उमटते आणि पाठीवर हलका उठाव लागतो. लिथोग्राफीत छपाई सपाट पृष्ठभागावरून होते, म्हणून शाई सपाट बसते, उठाव नसतो. या दोन्हींचा सराव पाचव्या जॉर्जच्या साध्या तिकिटांवर करता येतो.

कागद आणि यूव्ही

अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी चकाकणारी रसायनं १९५०च्या दशकानंतर सर्रास आली. म्हणून १९४८चं तिकीट यूव्हीखाली निस्तेज, पिवळसर किंवा करडं दिसायला हवं. ते निळसर-पांढरं झगमगलं तर संशय पक्का. मात्र एक खबरदारी घ्या: तिकीट साबणाच्या पाण्यात धुतलं असेल किंवा चमकदार आधुनिक कागदावर वर्षानुवर्षं चिकटून असेल, तर चमक बाहेरूनही येते. अशा वेळी ती डागासारखी असमान दिसते.

याच उजेडात दुरुस्त्याही सापडतात. बुजवलेली पातळ जागा, चिकटवलेला कोपरा, ब्लीचने घालवलेले गंजाचे डाग वेगळ्या छटेत उठून दिसतात. पेनाने मारलेली रेघ पुसून वापरलेलं तिकीट ‘मिंट’, म्हणजे न वापरलेलं, म्हणून विकायची चाल जुनी आहे. पुसलेल्या शाईची सावली यूव्हीखाली बरेचदा परत दिसते. वरच्या किमतीच्या तिकिटांत ही तपासणी कधीच गाळू नका, कारण अशी तिकिटं कागदपत्रांवरही लावून पेनाच्या रेघेने रद्द केली जात.

परफोरेशन

गेज म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये बसणारी छिद्रं. गांधी संचाचं परफोरेशन ११½ आहे. पट्टीवर तिकीट वर-खाली सरकवा. कडेची सगळी छिद्रं पट्टीवरच्या ठिपक्यांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. पहिली तीन-चार जुळून पुढची सरकत गेली तर तो गेज चुकीचा आहे. चारही बाजू मोजा, एकीवर थांबू नका. एखादी बाजू फार सरळ, दाते फार स्वच्छ आणि समोरच्या बाजूपेक्षा वेगळे दिसले, तर ती बाजू कापून पुन्हा छिद्रं पाडलेली असू शकते. तिकीट तेवढं अरुंदही होतं, म्हणून रुंदी खऱ्या तिकिटाशी ताडून पाहा.

वॉटरमार्क

गांधी संचाला वॉटरमार्क नाही, त्यामुळे द्रवात बुडवून फारसं काही हाती लागत नाही. उलट धोका आहे. फोटोग्राव्ह्युरच्या काही शाया बेंझिनसारख्या द्रवात सुटतात, म्हणून या तिकिटाला द्रव लावूच नका.

इतर भारतीय तिकिटांत मात्र वॉटरमार्क निर्णायक ठरतो. १८६५पासून हत्तीचं डोकं, पुढे एक तारा आणि १९२६पासून अनेक तारे. शेवटचा बदल झाला तो छपाई लंडनहून नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये आली तेव्हा. पाचव्या जॉर्जचं तेच चित्र, तोच रंग, पण एक तारा की अनेक तारे यावर कॅटलॉगमधला क्रमांक बदलतो. तिकीट काळ्या ताटलीत उपडं ठेवा आणि दोन-तीन थेंब टाका. कागद जिथे पातळ तिथे गडद दिसतो आणि तारा उमटतो. जुनी दुमड, पातळ झालेली जागा, जोड हेही त्याच क्षणी दिसतात. द्रव ज्वलनशील असतो, गॅसची शेगडी चालू असलेल्या स्वयंपाकघरात हे करू नका.

१८५४च्या चार आण्यांच्या तिकिटाला ही परीक्षा खास उपयोगी. लाल चौकट आणि राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं दोन वेगळ्या छपाईंत उमटवलेलं हे अष्टकोनी तिकीट. त्यात डोकं उलटं छापलेले जेमतेम पंचवीस-तीस नमुने जगाला ठाऊक आहेत. साध्या चार आण्यांतलं डोकं कोरून उलटं बसवण्याचा उद्योग झालेला आहे. असं तिकीट द्रवात धरलं की डोक्याभोवती जोडाची गडद रेघ फिरते.

डिंक, शिक्का, ओव्हरप्रिंट

शीटला आधी डिंक लागतो, मग छिद्रं पडतात. म्हणून खऱ्या मिंट तिकिटाच्या दातांच्या टोकाला तंतू मऊ, कोरडे आणि विस्कटलेले दिसतात. नव्याने डिंक लावलेल्या तिकिटात तो टोकांत मुरून दाते कडक होतात, बोथट दिसतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या तिकिटाचा डिंक तडकलेला, पिवळट किंवा अर्धा गेलेला असणं स्वाभाविक आहे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी तो काचेसारखा गुळगुळीत असेल तर उलट जास्त बारकाईने पाहा.

शिक्क्यात आधी तारीख वाचा. गांधी संचावर ती १५-८-१९४८च्या आधीची असेल तर प्रश्नच मिटला, ते खोटं. मग गावाचं नाव: त्या काळच्या इंग्रजी शिक्क्यात बॉम्बे आणि पूना असायला हवं, मुंबई आणि पुणे नव्हे. शिक्क्याचा घेर तिकिटाच्या आत नेमका मावला असेल तर थांबा. टपाल कारकून इतकी काळजी क्वचितच घेई. मात्र संग्राहकांच्या विनंतीवरून मारलेले नेटके शिक्केही असतात, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका.

‘सर्व्हिस’ ओव्हरप्रिंटमध्ये पाहायची एकच जागा अशी आहे जी फसवत नाही: शिक्क्याची रेघ आणि ओव्हरप्रिंटचं अक्षर जिथे एकमेकांना छेदतात ती. आधी ओव्हरप्रिंट, मग शिक्का, असा क्रम हवा. सूक्ष्मदर्शकाखाली अक्षराची शाई शिक्क्याच्या वर बसलेली दिसली तर ओव्हरप्रिंट नंतर छापलेलं आहे. मिंट तिकिटावर ही सोय नाही. तिथे अक्षरांची उंची, जाडी आणि अंतर प्रमाणित नमुन्याच्या मोठ्या स्कॅनशी ताडावं लागतं. शंभरच छापली गेलेली ही गोष्ट आधीचे मालक कोण, हे कागदावर दाखवता न येता कोणी विकत असेल तर घेऊ नका.

प्रमाणपत्र

घरच्या तपासणीने खोटं पकडता येतं, खरं सिद्ध करता येत नाही. सगळ्या कसोट्यांना उतरलेलं तिकीट तज्ज्ञ समितीकडे पाठवा. रॉयल फिलाटेलिक सोसायटी, लंडन यांची समिती १८९४पासून हे काम करते, आणि तिच्या प्रमाणपत्राला भारतीय तिकिटांच्या बाजारात मान आहे. पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचा १२०० डीपीआय स्कॅन करून ठेवा. तिकीट कडक पुठ्ठ्यांमध्ये, विमा उतरवून पाठवा. तिकीट तात्पुरतं बाहेर जाऊन परत येणार आहे, हे कस्टम्सच्या कागदांत नोंदवा, नाहीतर परत येताना कर मागितला जाऊ शकतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो. १८५४चं तिकीट पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

विकत घेताना तिकिटासोबत प्रमाणपत्र मिळालं तर फोटो आणि तिकीट शेजारी ठेवून दाते एक-एक करून जुळवा. आखूड दाता, वाकडं छिद्र, शिक्क्याची तुटलेली रेघ, हीच तिकिटाची ओळख. खरं प्रमाणपत्र खोट्या तिकिटाला जोडण्याचे प्रकार होतात. प्रमाणपत्र जुनं असेल तर त्यानंतर डिंक बदलला गेला नाही ना, हेही पाहा. प्रमाणपत्र नसेल तर बिलावर तिकिटाचं पूर्ण वर्णन लिहून घ्या. समितीने खोटं ठरवल्यास पैसे परत, ही अटही समितीचा निकाल यायला लागणारे महिने धरून लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर दहाचा गांधी घेऊ नका.

निकालाची वाट पाहताना बाकीचा संग्रह पीव्हीसीच्या पिशव्यांत ठेवू नका, त्यातली रसायनं कागदावर उतरतात. स्टॉकबुक (तिकिटं खोचून ठेवायची वही) आडवं न ठेवता उभं ठेवा, नाहीतर वजनाने डिंक पानाला चिकटतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पंधरवड्याला गरम करून वाळवून परत ठेवा.