आधी विचारा, जाळं कुठलं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या, जाळी माळ्यावर, आणि पुरुषमाणसं घरात. आमच्या वाडीत मंगळवारी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली की कुणाच्या तरी पडवीत शुभवर्तमान वाचतो ते याच दिवसांत. वेंगुर्ल्याकडच्या शाळेत मुलांना शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. आता दुसऱ्या वाड्यांतून विचारणा होते की तुम्ही नेमकं काय करता, आमच्याकडे तर लोक पेंगतात. आमच्याकडेही पेंगायचे. पहिल्या वर्षी मी घरून टाचण करून न्यायची. उतारा वाचायचा, तीन मुद्दे सांगायचे, बोध सांगायचा, चहा. चहाला तेवढे सगळे जागे.

मग एकदा मत्तयच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आला. स्वर्गाचं राज्य समुद्रात टाकलेल्या जाळ्यासारखं आहे, तो दाखला. वाचून झाल्यावर मागे भिंतीला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "टीचर, ह्या जाळा खयचा? पाग काय रापण?" मला उत्तर येईना. जाळं म्हणजे जाळं, एवढंच मला ठाऊक. मी रापणकराची, किनाऱ्यावरून मोठी रापण ओढणाऱ्याची, मुलगी असून!

घरी येऊन शोधलं, फादरना विचारलं. आपल्या मराठी बायबलात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, जाळं. मूळ ग्रीकमध्ये तीन वेगळे शब्द येतात. मत्तयच्या चौथ्या अध्यायात शिमोन, म्हणजेच पेत्र, आणि आंद्रिया टाकत असतात तो पाग, एकट्याने गोल फेकायचा. लूकच्या पाचव्यात रात्रभर पाण्यात राहून सकाळी धुतात ती नुसती जाळी, कुठल्याही जाळ्याला चालेल असा शब्द. आणि तेराव्या अध्यायातल्या दाखल्यात आहे ती चक्क रापण. तो शब्द अख्ख्या नव्या करारात तेवढ्या एकाच ठिकाणी आलाय.

म्हणून माझी पहिली सूचना ही: वाचायला बसण्याआधी उताऱ्यातलं काम ओळखा. कोण कुठलं काम करतोय, हातात काय आहे, दिवसाची वेळ कोणती. बोध नंतर. तो कुठे पळून जात नाही.

वाचायचं कसं, ते पटकन सांगते. दहा-पंधरा ओळींपेक्षा मोठा उतारा घेऊ नका. एकदा मराठीत मोठ्याने, शक्यतो दहावी-बारावीतल्या पोराकडून. मग पुस्तक मिटायचं आणि कुणीतरी तीच गोष्ट मालवणीत सांगायची. ही पायरी गाळू नका. पुस्तकी मराठीत लोक मान डोलावतात, मालवणीत सांगायला लागले की अडतात, आणि जिथे अडतात तिथेच बोलण्यासारखं काही असतं. पावसात लाइट जाते, तेव्हा मोबाईलची बॅटरी चालते. मोबाईलवरचं प्रवचन नको. चहा शेवटी.

आता रापणीकडे. पुढच्या मंगळवारी मी तोच दाखला पुन्हा घेतला आणि त्या म्हाताऱ्यालाच सांगितलं, रापण कशी लावतात ते पोरांना सांगा. अर्धा तास गेला, जाऊ दे. एका टोकाची दोरी किनाऱ्यावर धरायची, होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरते आणि दुसरं टोक घेऊन पुढे किनाऱ्याला लागते. मग दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जवळ येतात. एकट्यादुकट्याचं ते कामच नाही. वाटे पडतात ते जाळ्याचे, होडीचे, माणसांचे, आणि वाटेने जाणाऱ्याने दोरीला हात लावला तरी त्याला आमटीपुरते मासे मिळतात. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आणि पाण्यात आसताना कोण निवडूक बसणा नाय. आधी सगळा भायर येवंदे."

दाखल्यात अगदी तेच आहे. जाळं भरलं, किनाऱ्यावर ओढलं, मग बसून निवडलं. मी तोपर्यंत हा दाखला चांगले-वाईट, स्वर्ग-नरक असा सरळ दोन भागांत कापून सांगत होते. ओढणाऱ्यांना निवडायची घाई नाही, आणि शेवटी निवडणार ते देवदूत, हे माझ्या टाचणात कुठेच नव्हतं. खोलीत दोन भाऊबंद बसले होते, बांधावरून वर्षभर न बोलणारे. त्यांच्याकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका.

फेकलेले मासे कुठले असतील यावर मात्र हसून पुरेवाट झाली. लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे ज्याला पर आणि खवले दोन्ही आहेत तेच यहुद्यांना चालतात, बाकी वर्ज्य. आम्ही केंड टाकतो ते ठीक. पण कुर्ल्या, सुंगटं, मोरी, सगळंच बाद! एक बाई म्हणाली, मगे पेत्राक जेवक बोलवन फायदो नाय.

दुसरी सूचना: जागा आपल्यासारखी नसेल तर तसं सांगा, उगाच अरबी समुद्र तिकडे नेऊ नका. गालीलचा समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचं सरोवर, लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. समुद्रसपाटीपासून २०० मीटरपेक्षा जास्त खाली. भोवतीच्या डोंगरांवरून वारा उतरला की पाणी एकाएकी उसळतं. १९८६ साली दुष्काळात पाणी आटलं तेव्हा तिथल्या दोन मच्छीमार भावांना चिखलात एक जुनी होडी सापडली, साधारण येशूच्या काळातली. लांबी २७ फुटांच्या आसपास, आणि तिला वेगवेगळ्या जातींच्या लाकडांची ठिगळं. हे ऐकल्यावर आमच्याकडचे पुरुष माझं ऐकायला लागले. मिळेल त्या फळीने होडी सांधणारा माणूस त्यांना ओळखीचा होता.

तिसरी सूचना खटकण्याबद्दल. लूकच्या पाचव्या अध्यायात येशू शिमोनाला सांगतो, खोल पाण्यात चल, जाळी टाक. आपण चर्चमध्ये हे इतक्या वेळा ऐकलंय की त्यात काही खटकत नाही. पडवीत एकाला खटकलं: "सुतार येवन तांडेलाक सांगता, जाळा खय टाकूचा ता!" तेही दिवसाढवळ्या. तेव्हाची जाळी जवसाच्या सुताची, उजेडात माशाला दिसायची, म्हणून तर रात्री जायचं. आणि हे थकलेले, जाळी धुऊन झालेले. शिमोनाचं उत्तर आता पुन्हा वाचा. रात्रभर कष्ट केले, काही मिळालं नाही, हे तो आधी स्पष्ट सांगतो. मग म्हणतो, पण तू सांगतोस म्हणून टाकतो. कुरकुर गिळलेली नाही आणि होडीही थांबलेली नाही. असं खटकणारं सापडलं की ते लगेच गुळगुळीत करू नका. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो, भरलेल्या जाळ्यापर्यंत पोचलोच नाही. कुणी डॉक्टरचं ऐकल्याचं सांगितलं, कुणी सुनेचं. सुनेचं सांगणारा बरीच वर्षं आठवणीत राहील.

बायका बोलत नसतील तर योहानचा एकविसावा अध्याय घ्या. तिथे लोक जाळ्यात आलेल्या १५३ माशांच्या आकड्यामागे लागतात, त्याचे गूढ अर्थ काढतात. मला त्यात फारसा रस नाही. वाटे घालायचे तर मासे मोजावेच लागतात, कुणीतरी मोजले. पण शिष्य किनाऱ्याला येतात तेव्हा कोळशाची शेगडी तयार आहे, वर मासे भाजतायत, भाकर आहे. आमच्याकडे प्रश्न लगेच आला, इस्तो कोणी पेटयलो? पहाटेच्या वाऱ्यात ओल्या लाकडाशी झटणं काय असतं ते पुरुषांना ठाऊक नाही. मेलेल्यांतून उठलेला प्रभू पहाटे किनाऱ्यावर विस्तव फुंकत बसला होता, हे त्या बायकांनी मला दाखवलं. आणि आपल्याकडे मासे असूनही तो म्हणतो, तुमच्यातलेही थोडे आणा.

प्रार्थनेसाठी एकच नियम. प्रत्येकाने आजची एक गोष्ट सांगायची: डिझेल, कर्ज, गुडघा, पोराची परीक्षा. प्रार्थनेतून शेजाऱ्याला टोमणा मारायचा नाही. "प्रभो, काही लोकांना सुबुद्धी दे" अशी सुरुवात झाली की मी खोकते.

आणि आता माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मार्कच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट. येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलेला, शिष्य घाबरलेले, मग तो उठून वाऱ्याला दटावतो. पावसाळ्याला शोभेल म्हणून मी ती काढली. ज्या घरात वाचली त्या घरचा माणूस काही वर्षांपूर्वी होडीवरून परतला नव्हता. मला माहीत होतं, पण वाचताना आठवलं नाही. "आम्ही बुडतोय याची तुला काळजी नाही का" इथपर्यंत आल्यावर त्याची बायको उठून आत गेली. मी पुढे वाचत राहिले, थांबायचंही सुचलं नाही. वारा पडला, निवांत झालं, आणि आत भांड्यांचा आवाज येत राहिला.

म्हणून कुणाच्या घरी वाचायचं ठरलं की आदल्या दिवशी जाऊन यायचं, उतारा सांगायचा, चालेल का विचारायचं. घरात गेलेलं माणूस असेल तर ज्या उताऱ्याचा शेवट गोड होतो तो आधी काढायचा नाही.

तिच्याकडे मी आठवड्याने एकटीच गेले. माफी मागितली, आणि विचारून स्तोत्र ८८ वाचलं. ते कुठल्याच दिलाशावर संपत नाही. देवाच्या लाटा अंगावरून गेल्याचं ते स्तोत्र म्हणणारा माणूस देवालाच सांगतो, उत्तर येत नाही, आणि शेवटी उरतो तो अंधारच. ती तांदूळ निवडत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "ह्यो माणूस खोटा बोलणा नाय."

मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, परत वाच.