जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या हबचे पेग बदलायचे तर

आयटीआयमधून दोन वर्षांचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलाला चार-पाच नटांचं चाक पाठ असतं. मधोमध एकच मोठा नट असलेलं चाक समोर आलं की गाडी अडते. जॅग्वार ई-टाइपच्या तारांच्या चाकांना आतून स्प्लाइन, म्हणजे दातेरी खाचा, असतात. १९६२ साली आलेल्या लोटस एलानच्या सेंटर-लॉक चाकांत मात्र हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या) फ्लँजवर, म्हणजे चपट्या कडेवर, गोल पेग (खुंट्या) उभे असतात आणि ते चाकाच्या भोकांत बसतात. नट चाक दाबून धरतो. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा झटका पेग सोसतात. नट जरा सैल राहिला की चाक पेगवर पुढेमागे हलतं, पेग झिजून त्याला पायरी पडते आणि चाकातलं भोक लांबट होतं. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो. युनिव्हर्सल जॉइंट झिजला तरी असाच येतो, म्हणून आधी चाक उतरवून पेगवरून नख फिरवा. पायरी नखाला लागते.

किनारपट्टीला आणखी एक दुखणं असतं. खाऱ्या हवेनं चाक आणि फ्लँज यांच्यामध्ये गंजाचा थर धरतो. तो चाकाला पूर्ण टेकू देत नाही, आणि पुढे सुटला की घट्ट वाटणारा नट सैल होतो. चाकं मॅग्नेशियमची असतील तर स्टीलच्या पेगभोवतीचा धातू पांढरी भुकटी होऊन निघतो. अशा चाकाला नवे पेग घालून उपयोग नाही. आधी चाकाच्या भोकांचं माप घ्या, मगच हबला हात लावा.

हब उतरवा, बेअरिंग आणि ऑइल सील काढून ठेवा. पेग मागून कसा धरला आहे ते पाहा: डोकं आहे, नट आहे की टोक ठोकून पसरवलं आहे. पसरवलेलं टोक ग्राइंडरनं साफ केल्याशिवाय प्रेस लावू नका. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्या. भोकाच्या अगदी लगत फ्लँजला जाड नळीचा आधार द्या आणि हायड्रॉलिक प्रेसनं पेग काढा. घणानं काढलेला पेगही निघतोच, पण फ्लँज वाकतो आणि मग ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. काम झाल्यावर डायल गेज लावून हब फिरवून बघा, फ्लँज ०.०५ मिमीपेक्षा जास्त डुलता कामा नये. पेग तुटून आत अडकला असेल तर मधोमध पंच मारून कोबाल्टच्या ड्रिलनं पोकळ करा आणि उरलेली भिंत आत ढकला.

आता खरं काम, म्हणजे मोजणं. भोक वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना मोजा. बारा-तेरा मिमीच्या भोकात पेग भोकापेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी जास्त जाड हवा. भोक खराब असेल तर रीमर (भोक नेमक्या मापाला घासणारं हत्यार) फिरवून सगळी भोकं एकाच मापाची करा आणि पायरीचे पेग करून घ्या: हबमधला भाग जाड, बाहेरचा मूळ मापाचा. बाजारात रिटेनर म्हणून मिळणारं चिकट द्रव्य चांगलं असतं, पण लांबट झालेल्या भोकाला ते वाचवत नाही. एका हबवरचे सगळे पेग एकदमच बदला, नाहीतर सगळा भार नव्यावर येतो.

पेग एमएसच्या (साध्या मऊ स्टीलच्या) बारमधून करू नका, ईएन२४टी हे मजबूत मिश्र स्टील मागा. रत्नागिरीच्या मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसीत असा बार मिळाला नाही तर घाट चढून कोल्हापूर गाठावं, तिथं टर्नरांची कमी नाही. चकाकीच्या मोहानं झिंक प्लेटिंग करू नका. त्यात शिरलेला हायड्रोजन कडक स्टीलला ठिसूळ करतो. काळं ऑक्साइड पुरे.

मागे आटे असलेले पेग असतील तर आणखी एक फसगत आहे. अर्धा इंच यूएनएफचा (इंची मापाच्या बारीक आट्यांचा) पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२७ मिमी आणि आपल्याकडच्या बारीक आट्याच्या एम१२ चा (१२ मिमी बोल्टचा) १.२५, त्यामुळे पिच गेज दोन्हीला बसल्यासारखा वाटतो. एम१२ चा बोल्ट यूएनएफ नटात ढिला का होईना, शिरतो, आणि ताण दिला की आटे खातो. मायक्रोमीटर लावा: १२.७ की १२.०?

बसवताना हब ओव्हनमध्ये १२० अंशांपर्यंत तापवा, गॅसची ज्योत नको. तेवढ्यानं भोक सुमारे ०.०१३ मिमी मोठं होतं. फ्रीजरमधल्या उणे १८ अंशांनी पेग आणखी ०.००७ बारीक होतो. मासळीच्या बंदरावरचा बर्फ नुसता वापरला तर शून्याच्या खाली जात नाही. मीठ घातलं तर उणे वीसच्या आसपास जातो, पण पेग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधूनच ठेवा. आपल्या दमट हवेत थंड पेगवर क्षणात दव धरतं आणि तेच भोकात गंज पेरतं. बाहेर काढला की ॲसिटोनच्या फडक्यानं पुसा आणि लगेच प्रेसखाली घाला. पेग खांद्यापर्यंत टेकला पाहिजे. अर्ध्यात अडला तर ठोकत बसू नका, काढा आणि पुन्हा मोजा.

सगळे पेग बसले की चाक हातानं, नुसत्या वजनानं त्यावर सरकलं पाहिजे. पेगला मार्किंग ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावून चाक लावा आणि काढा; एकाच पेगवरचा रंग पुसला गेला तर तो तिरका आहे. टेकणाऱ्या तोंडांवर रंग किंवा पावडर कोटिंग असेल तर खरवडून टाका. पेगवर आणि नटाच्या आट्यांवर कॉपर ग्रीसचा पातळ हात द्या, ब्रेकच्या चकतीला मात्र लागू देऊ नका.

दोन बाजूंच्या नटांचे आटे उलट असतात. नटावर कोरलेला बाण पाहूनच फिरवा. डावं-उजवं हब अदलाबदल झालं तर चालत्या गाडीत नट सुटतो. चाक अधांतरी ठेवून, दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून, तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्यानं नट आवळा. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा आवळा. पुढे दर वर्षी मे महिन्यात चारही चाकं उतरवून पेग आणि फ्लँज पुसून ग्रीस करा, आणि गणपतीनंतर पुन्हा एकदा.